नैवेद्याच्या तपेलीत मासळी

मी हौसराव आबांच्या घरची नैवेद्याची तपेली बोलतेय. पितळेची, गोल पोटाची, तोंडाला जरा निमुळती. खरं तर बोलायची मला सवय नाही. आमच्यासारख्यांनी सणावारी फळीवरून खाली उतरावं, पुरण शिजवावं, चिंचेने घासून घ्यावं आणि परत वर जाऊन गप्प बसावं, एवढंच मला ठाऊक. पण गेल्या वर्षी माझ्या बाबतीत जे घडलं ते ऐका आणि तुम्हीच सांगा, गप्प कसं राहायचं.

माझ्यात मासे पडले. घ्या, सांगून टाकलं एकदाचं. अजूनही ते आठवलं की माझ्या काठाला कापरं भरतं.

आधी माझं कूळ ऐका, म्हणजे केवढा घात झाला ते कळेल. माझा जन्म पुण्यातल्या तांबटाच्या हाताखाली, लाकडी हातोड्याचे ठोके खात झाला. तिथून मी आले साखरबाईंच्या लग्नात, रुखवतात. त्यांच्या मामांनी मला घेतलं आणि दुकानदाराकडून काठाखाली नाव ठोकून घेतलं, 'सौ. साखरबाई हौसराव यांस मामाकडून सप्रेम भेट'. आमच्या भागात भांड्यावर नाव हवंच. लग्नकार्याला भांडी या वस्तीवरून त्या वस्तीवर जातात, नाव नसेल तर परत येत नाहीत. या नावाचा मला फार अभिमान होता. पुढे त्यानेच दगा दिला.

आबांचं घराणं मूळचं मेंढरांमागे फिरणारं. आबांनीही लहानपणी नदीकाठाने मेंढरं हिंडवली. मग वरवंडच्या पलीकडे रान घेतलं, वस्ती केली, ऊस लावला आणि घर एका जागी बसलं. आई वारल्यावर आबांनी तुळशीची माळ घातली. साखरबाईंनीही घातली. त्या दिवशी घरातली मटणाची भांडी उचलून लोकांना देऊन टाकली आणि मला बढती मिळाली. नैवेद्याची तपेली. वरच्या फळीवर समई, नारळ आणि मी. खाली स्टीलची रोजची भांडी आदळआपट करायची, तिकडे मी ढुंकूनही पाहत नसे.

सगळं बरं चाललं होतं. मग सून आली, तेजश्री. शिरूरकडची, कोरेगाव भीमाच्या पुढे नदीकाठाला तिचं माहेर. आई लहानपणीच गेलेली, तिला वाढवलं गीताबाई आजीने, आणि आता ती आजीही उरली नव्हती. आबांचा मुलगा विश्वजीत कुरकुंभला कंपनीत शिफ्टला जातो. पोरगी शांत, हसरी. सासूला ती 'आत्या' म्हणायची, आमच्याकडे तशीच रीत आहे.

लग्नानंतर तिला दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं. पुन्हा दिवस राहिले तेव्हा साखरबाई पाऊलसुद्धा हळू टाकायला लागल्या. पण तेजश्रीच्या पोटात अन्न ठरेना. भाकरी नको, भात नको, पाणीही उलटून पडायचं. दौंडच्या डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावलं, गोळ्या दिल्या. शेवटी त्यांनी साखरबाईंना बाजूला घेऊन सांगितलं, पोटात काहीतरी राहायलाच हवं, नाहीतर या खेपेलाही अवघड आहे. ते साखरबाईंनी घरी येऊन देव्हाऱ्यासमोर स्वतःशीच म्हटलं, म्हणून मला कळलं. मी फळीवरून बघत होते. पोरीच्या बांगड्या मनगटावरून थेट कोपरापर्यंत घसरत होत्या.

"तेजे, मनात काय आसंल ते सांग," साखरबाई रोज विचारायच्या. "डोहाळं पुरवलं न्हाईत तर पोराचा कान फुटतो."

"काय नको, आत्या."

"काय नको कसं? कैरी? चिंच? पेढं?"

ती मान हलवायची. एका दुपारी मात्र भिंतीकडे तोंड करून बोलली. "रागवू नका आत्या. आजी चारीतली बारकी मासळी धरायची. तव्यावर कडक करून द्यायची, मीठ-हळद लावून. डोळे मिटले की तेच दिसतंय."

फळीवर समईची वात हलली असेल नसेल, मी मात्र चांगलीच हलले. माळकऱ्याच्या घरात हा शब्द. साखरबाईंचा हात गळ्यातल्या माळेवर गेला आणि तिथेच राहिला.

विश्वजीतने आपल्या परीने करून पाहिलं. दौंडच्या बाजारातून चिलापी घेतली, मित्राच्या बायकोकडून रस्सा करून घेतला आणि डबा लपवत आणला. तेजश्रीने झाकण उघडलं आणि मोरीकडे पळाली. तो मासा वेगळा, तो वास वेगळा. तिला हवी होती ती बोटाएवढी, जिवंत पाण्यातली मासळी. ती बाजारात कोण आणणार? धरायची आणि तिथल्या तिथे खायची चीज ती.

"आजी कशी धरायची?" साखरबाईंनी हळूच विचारलं.

मला वाटलं, सहज विचारतायत. तेजश्री सांगू लागली. जाळं नाही, गळ नाही. निमुळत्या तोंडाचं भांडं घ्यायचं. आत कणकेचा गोळा. तोंडावर जुनं कापड ताणून बांधायचं, मधोमध भोक पाडायचं आणि उथळ पाण्यात दगडाच्या आधाराने बुडवून ठेवायचं. कणकेच्या वासाने मासळी भोकातून आत जाते आणि बाहेरची वाट तिला सापडत नाही.

साखरबाई उठल्या. स्टीलच्या भांड्यांवरून त्यांची नजर फिरली. मी निवांत होते. माझा काय संबंध?

"ह्यातलं एक हाललं तरी आबांना कळंल," त्या पुटपुटल्या. "आन् ही सगळी तोंडाला रुंद." मग त्यांनी वर पाहिलं. "हिला मातुर पोळ्यापातुर कुणी हात लावत न्हाई."

अहो, मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण त्यांचे हात माझ्या दोन्ही बाजूंना आले आणि मी खाली उतरले. ना सण, ना वार. घरात एवढी भांडी, आणि नेमकी देवाची उचलली, का तर तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. हा हिशोब साखरबाईच करू जाणे.

मला जमिनीवर ठेवून त्यांनी आणखी एक गोष्ट केली, तिने तर मी गारच पडले. गळ्यातली माळ काढली. डोळ्यांना लावली, कुंकवाच्या रिकाम्या डबीत घातली आणि डबी देवाच्या मागे सरकवली. पदर गळ्याभोवती ओढून घेतला. मग आबांचं जुनं धोतर फाडलं, पोत्याची सुतळी घेतली, कणीक मळली. पीठ चाळायची चाळणही घेतली, मासळी निथळायला. चाळण बिचारी माझ्याकडे बघत होती. मी काय सांगणार तिला?

कालव्याला पाणी सुटलं होतं. कालव्यातून आमच्या रानाला पाणी आणणारा पाट म्हणजे चारी, ती काठोकाठ वाहत होती. साखरबाईंनी साडी खोचली, बाभळीच्या मुळीला सुतळी बांधली आणि मला पाण्यात सोडलं.

आजवर माझ्यात पाणी ओतलं गेलं होतं, मी कधी पाण्यात गेले नव्हते. पाणी गार, गढूळ. शांपूची एक पुडी येऊन गालाला चिकटली. हे कमी म्हणून की काय, एक खेकडा येऊन दारात बसला आणि मला निरखून गेला. मग पोटात गुदगुल्या झाल्या. एक आला, दुसरा आला. जिथे पुरण रटरटायचं तिथे शेपट्या वळवळत होत्या. मी देवाचं नाव घेत होते आणि ते कणीक खात होते.

संध्याकाळी साखरबाईंनी मला वर ओढलं. कापड सोडलं तशी एक मासोळी उडून त्यांच्या ओच्यात पडली आणि माळकरी बाई चारीच्या काठावर मटकन बसल्या. तरी एकेक मासोळी चाळणीत घेतली.

घरात तर शिजवता येत नव्हतं. विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीमागे तीन दगड मांडले, तेलाच्या डब्याचा पत्रा तवा म्हणून ठेवला. तेजश्री लांबून सांगत होती, साखरबाई तोंडाला पदर लावून परतत होत्या.

"परता आता, आत्या. कडक होऊ द्या."

"तूच सांग गं. मला बघवत न्हाई."

पोरगी कोर-दीड कोर भाकरी खाऊन थांबली. साखरबाई तिच्या तोंडाकडे बघत बसल्या. आता उलटी होणार, मग होणार. अंधार पडायला आला. झाली नाही. कित्येक दिवसांत पहिल्यांदा अन्न पोटात ठरलं होतं. साखरबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि रडू लागल्या. मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण राखेने घासून, चिंच लावून मला परत फळीवर ठेवलं तेव्हा समई माझ्याशी बोलली नाही. नारळाने तर शेंडीच फिरवली. आणि मला माझाच वास येत होता.

मग ते सुरूच झालं. दिवसाआड मी पाण्यात. तेजश्रीच्या गालावर जरा तेज आलं. आबांना वाटलं, डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या लागू पडल्या. ते त्यांची तारीफ करायचे आणि साखरबाई पदर आणखी वर ओढायच्या.

आणि आली एकादशी. त्या सकाळी भजनी मंडळ आमच्या ओसरीवर बसणार हे साखरबाई विसरल्या होत्या. मला आदल्या संध्याकाळीच त्यांनी चारीत ठेवलं होतं. सकाळी चहा, पाहुणे, सतरंज्या, त्यांना पाय काढता येईना. तिकडे शेजारचे साहेबराव उसाला पाणी लावायला चारीवर आले. हेच साहेबराव मंडळात मृदंग वाजवतात. त्यांच्या पायाला सुतळी लागली. त्यांनी ओढली आणि मी वर आले.

त्यांनी मला फिरवून पाहिलं, नाव वाचलं आणि काखेत मारून थेट आमच्या ओसरीवर आणलं. टाळ, वीणा, अबीर-बुक्का, उपवासाचे लोक, आणि मधोमध सतरंजीवर मी, पाणी गाळत.

"आबा, ह्ये तुमचंच हाय का बघा," साहेबराव म्हणाले. "चारीत व्हतं. नाव तर वहिनींचं हाय."

आबांनी चष्मा लावला. आतून पट, पट आवाज येत होता.

"आत काय हाय?"

"मी उघडलं न्हाई. पन उड्या मारतंय."

कुणी उघडायची गरजच पडली नाही. कापडाच्या भोकातून एक मासोळी सुळकन बाहेर आली आणि वीणेच्या भोपळ्यापाशी जाऊन तडफडू लागली. सगळे मागे सरकले. मला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. पण मी पितळेची, मला कोण पोटात घेणार.

आबांनी नावावरून बोट फिरवलं. मग त्यांनी कापड ओळखलं, त्यांचंच धोतर. त्यांनी घराच्या दाराकडे पाहिलं.

दारात साखरबाई उभ्या होत्या. मला वाटलं, आता म्हणतील, चोरीला गेली होती तपेली. त्या पुढे आल्या. चारचौघांत कधी ज्यांचा आवाज निघाला नव्हता त्या सगळ्यांसमोर बोलल्या.

"मीच ठेवली हाय. तेजूला मासळीचं डोहाळं हायेत. दुसरं काय पोटात ऱ्हात न्हाई तिच्या." त्यांनी गळ्यावरचा पदर बाजूला केला. "माळ आधी उतरवली, मंग पान्यात हात घातला. देवाला फसवलं न्हाई मी."

आबांनी त्यांच्या मोकळ्या गळ्याकडे पाहिलं. "आन् मला?"

"तुमास्नी फसवलं," साखरबाई म्हणाल्या. "तुमी नको म्हनला असता आन् मला ऐकावं लागलं असतं."

भजनी मंडळी हळूहळू उठली. टाळ पिशवीत गेले. साहेबराव तेवढे खांबाशी उभे राहिले, हात चोळत. आबा मांडी घालून तिथेच. ती मासोळी अजून उडत होती. आबांनी तिला धोतराच्या सोग्यात धरून उचललं आणि माझ्यात परत टाकलं. मी डोळे मिटले. आता मला उकिरड्यावर फेकणार.

"ठरतंय का पोटात?" आबांनी विचारलं.

"ठरतंय. गेल्या येळंला डॉक्टरीणबाई म्हनल्या, वजन वाढलं."

आबांनी माझी सुतळी सोडली. कापड हातात घेतलं, उजेडात धरलं. मग म्हणाले, "भोक केवढं पाडलंय हे. आत येनार तशीच भाईर जानार. निम्मी मासळी परत गेली आसंल."

मला वाटलं, पाण्यात राहून माझे कान बिघडले.

"आवं, तुमी..." साखरबाई जवळ येऊन बसल्या.

"मेंढरामागं व्हतो तवा काय जेवायचो आमी? काठानं भांडंच लावायचो की." आबा कापडाची दुसरी बाजू ताणून बांधू लागले. जून बोटं सराईतपणे फिरत होती. कापड त्यांनी आत खोलगट सोडलं, मधे करंगळी जाईल एवढंच भोक पाडलं. "कणकंत शेंगदान्याची पेंड घाल. आन् तोंड पान्याच्या उलट करून ठिव." मग मला साखरबाईंपुढे सरकवलं. "पान्यात मातुर तूच ठिव. माझ्या गळ्यात माळ हाय."

साहेबरावांनी गावात सांगितलं का? हे काय विचारणं झालं. दुपारपर्यंत वरवंडच्या स्टँडवर आणि दुसऱ्या दिवशी कुरकुंभच्या कंपनीच्या बसमध्ये, हौसरावाच्या देवाच्या भांड्यात मासळी. विश्वजीत मान खाली घालून शिफ्ट करून आला. पुढच्या एकादशीला भजन दुसऱ्यांच्या ओसरीवर बसलं. आबा तिकडे गेले आणि कडेला बसून टाळ वाजवून आले. त्यांना कुणी मधे बसायला बोलावलं नाही, हे त्यांनी जेवताना साखरबाईंना सांगितलं.

तेजश्रीला आठवा लागला आणि साखरबाई चारीच्या शेवाळावरून घसरल्या. पाय एवढा सुजला की खाटेवरून उठता येईना. "मला काय नको आता," तेजश्री म्हणू लागली आणि खरंच खाईना. पहिल्यासारखं सुरू झालं. भाकरी ताटात तशीच. बांगड्या पुन्हा घसरायला लागल्या.

एका सकाळी आबा अंघोळ करून देव्हाऱ्यासमोर उभे राहिले. रोजच राहतात. पण त्या दिवशी गंध लावलं नाही. तोंडाने काहीतरी पुटपुटत होते. मग दोन्ही हात मानेमागे नेले. मी वरून बघत होते आणि मला कळेना, हे काय करतायत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी आबांचा मोकळा गळा पाहिला. माळेच्या जागी कातडी पांढरी राहिली होती.

त्यांनी देवामागची डबी काढली, साखरबाईंची माळ बाहेर घेतली आणि दोन्ही माळा देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीला उघड्यावर टांगल्या. मग मला खाली काढलं. त्या एकादशीखेरीज आबांचे हात मला कधी लागले नव्हते, नैवेद्यालासुद्धा. ते थेट चारीवर गेले आणि धोतर गुडघ्यावर घेऊन पाण्यात उतरले. त्या दिवशी मी भरून आले, पार काठापर्यंत. खाटेवरून साखरबाईंनी आधी मला पाहिलं, मग आबांच्या गळ्याकडे पाहिलं आणि पदराने तोंड झाकून घेतलं.

मुलगी झाली. दौंडच्या दवाखान्यात, नीट, भरल्या अंगाची. साखरबाईंनी पहिल्यांदा तिचे दोन्ही कान पाहिले.

बारशाआधी आबा मला कल्हई करायला दौंडला घेऊन गेले. निखाऱ्यावर तापवलं, नवसागर टाकला, कथिल फिरवलं, आत चांदीसारखी झाले मी. कल्हईवाल्याने काठाखालचं नाव पाहिलं. "घासून काढू का? जुनं झालंय."

"ऱ्हाऊ द्या," आबा म्हणाले. शेजारच्या भांड्याच्या दुकानातून त्यांनी त्या नावाखाली आणखी एक नाव घालून घेतलं, गीता. तेजश्रीच्या आजीचं नाव. ते मुलीला ठेवायचं साखरबाईंनीच सुचवलं होतं, आणि ऐकून तेजश्री तोंड फिरवून खूप वेळ पाळण्याची दोरी नुसतीच धरून बसली होती.

बारशाच्या घुगऱ्या माझ्यात शिजल्या. पहिली मूठ घ्यायला कुणी पुढे येईना. बाया एकमेकींकडे बघत होत्या. मग साहेबरावच आले. त्यांनी ओंजळ पुढे केली, एकदा माझ्याकडे पाहिलं, खाल्ल्या. "मीठ बरोबर हाय," म्हणाले आणि परत ओंजळ केली. मग सगळ्यांनी घेतल्या.

परवा तेजश्रीने खुंटीवरच्या दोन्ही माळा काढून सासू-सासऱ्यांपुढे धरल्या. "माझं झालं. आता घाला."

"पोरगी अंगावर पिती हाय," आबा म्हणाले. "तुला अजून लागंल. तिचं उष्टावण होऊ दे, मंग बघू." आणि त्यांनी स्वतः त्या परत टांगल्या. उष्टावणाची खीर माझ्यातच करायची, हेही ठरलं आहे. तोवर मी दिवसाआड चारीत असते आणि सणाला देवापुढे. समई आता बोलते माझ्याशी. वास येतो का, असं मी तिला विचारलं, तर म्हणाली, थोडा.

माझं एवढंच मागणं आहे. घासताना चिंच हवी तेवढी लावा, पण नावांवर जोर देऊ नका.

घरी येणारा प्रत्येक जण त्या खुंटीकडे बघतो. माळकऱ्याच्या घरात माळा खुंटीला कशा, असं विचारतो. आबा काही सांगत नाहीत. साखरबाई चहाचा कप पुढे करतात आणि फळीकडे बोट दाखवतात.

"तिला इचारा," म्हणतात.

म्हणून बोलले.